ड्रायरवरचा बाण

एसीमधल्या दोनच गोष्टींची नावं लोकांना ठाऊक असतात, गॅस आणि कॉम्प्रेसर. गार होत नसलं की गॅस संपला, घरघर बंद झाली की कॉम्प्रेसर गेला. कुंभवलीत घर आणि बोईसरला दुकान, अशी तीसेक वर्षं मी लोकांच्या भिंतींना शिड्या लावण्यात घालवली, पण "मिस्त्री, ड्रायर बघितलात का?" असं आपणहून विचारणारं गिऱ्हाईक काही मला भेटलं नाही. ड्रायर म्हटलं की बायकांना केस वाळवायचं यंत्र आठवतं आणि पुरुषांना काहीच आठवत नाही. म्हणून यंदा या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हटल्यावर मी ठरवलं, लिहायचं तर त्या बिचाऱ्यावरच लिहायचं.

फिल्टर ड्रायर म्हणजे तांब्याचं एक नळकांडं. घरच्या यंत्रात ते बोटभर लांब असतं, कारखान्यातल्या मोठ्या यंत्रात दुधाच्या किटलीएवढं. यंत्राच्या पोटात गॅस सारखा फिरत असतो. बाहेरच्या पेटीत तो दाबला जातो, तापतो, तिथेच उष्णता टाकून पाण्यासारखा पातळ होतो. मग एका अतिबारीक नळीतून पुढे जातो, घरातल्या पेटीत शिरतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि परत बाहेर. त्या बारीक नळीला कॅपिलरी म्हणतात. तिचं भोक इतकं लहान की शिवणाची सुई जेमतेम जाईल. तिच्या तोंडाशी हा ड्रायर राखणीला बसवलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना जाळी आणि मधे साबुदाण्यासारखे मणी. जाळी कचरा अडवते, मणी पाणी पितात.

आता बंद नळीत पाणी कुठून आलं? तर नळ्या जोडताना आत राहिलेल्या हवेतून. आमच्या किनाऱ्यावरच्या हवेत किती पाणी असतं ते घरातल्या मिठाच्या बरणीला विचारा. यंत्राच्या पोटात एखाद्या थेंबाएवढं पाणी राहिलं आणि ते तेलाबरोबर महिनोन्‌महिने तापत राहिलं, की त्याचं आम्ल होतं. ते आम्ल कॉम्प्रेसरच्या आतल्या तारा खातं आणि एक दिवस चांगला दणकट कॉम्प्रेसर जळून जातो. एका थेंबाने जळतो. मला अजूनही हे सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटतं.

ज्यांनी मला हे खरं करून दाखवलं ते रामसूरत मिस्त्री उत्तर प्रदेशातून बोईसरला आले होते आणि स्टेशनजवळ त्यांचं वर्कशॉप होतं. मी त्यांच्याकडे कामाला लागलो तेव्हा मला वाटायचं, हे नळकांडं कंपनीवाले उगाच बसवतात. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी एक कोरा ड्रायर कापला, दहा-पंधरा मणी माझ्या तळहातावर ठेवले आणि पेल्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. मणी बारीक चर्रर करायला लागले आणि पुढच्याच क्षणी मला चटका बसला. आग नाही, वीज नाही, गार पाणी आणि पांढरे मणी, आणि हात भाजतोय. मी ते झटकले. मिस्त्री हसले. "पानी पी रहा है, इसलिए गरम है," ते म्हणाले. "जो ज़्यादा पीता है, गरम होता ही है।" शेजारच्या दारूच्या टपरीवर रोज संध्याकाळी होणाऱ्या भांडणांकडे त्यांचा रोख होता.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली. बदललेला प्रत्येक ड्रायर मी दुकानात आणून कापतो. ब्लेडने हळूच चिरतो आणि कागदावर मणी ओततो. पांढरे निघाले तर यंत्र सुखात होतं. पिवळट निघाले तर ते तापत होतं. काळे, तेलकट आणि आंबूस वासाचे निघाले, तर त्या यंत्राने काय सोसलं असेल ते कळतं. घरच्यांना या खोडीचा वैताग आहे, पण मला दर वेळी तितकंच नवल वाटतं. भिंतीवर ते यंत्र वर्षानुवर्षं निमूट चालतं आणि त्याच्या वाटचं सगळं विष हे बोटभर नळकांडं पोटात घेऊन बसतं.

वाणगावला एक वाडीवाले अण्णा होते. माणूस हुशार आणि स्वतःच्या हुशारीवर फार खूश. त्यांच्या एसीचा ड्रायर बदलायला हवा असं मी फोनवर सांगितलं होतं. दोन दिवसांनी मी नवा घेऊन पोचलो, तर अण्णांनी गावातल्याच कुणाकडून जुना कापून घेऊन, मिरच्या वाळत घातल्या होत्या त्याच चटईवर उन्हात ठेवला होता. मिरची दोन दिवसांत कडकडीत वाळते, मग हे का वाळू नये, असा त्यांचा सवाल. मी त्यांना सांगितलं की या मण्यांनी प्यालेलं पाणी उन्हाने सुटत नाही, त्याला भट्टीची धग लागते, आणि उघडा ठेवल्यावर तो वाळायच्या ऐवजी दोन दिवस वाणगावची हवाच पीत बसला असणार. अण्णांनी चटईवरचा ड्रायर उचलून उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे वालवायची आयडिया बरोबर, भट्टी कमी पडली." मी हो म्हटलं, कारण ते खरंच होतं. पण त्या दोन दिवसांत त्यांच्या यंत्राच्या नळ्याही उघड्याच होत्या. ते निस्तरायला मला सबंध दिवस लागला आणि अण्णा तेवढा वेळ खुर्ची टाकून मला सूचना देत होते.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जळलेल्या कॉम्प्रेसरच्या जागी नवा बसवला होता, तोही पंधरा दिवसांत जळला. मला बोलावलं तेव्हा मॅनेजर तिसरा कॉम्प्रेसर मागवायच्या बेतात होते. मी त्यांना थांबवलं. आधीच्या जळितातलं आम्ल नळ्यांत तसंच होतं. तिसरा बसवला खरा, पण परतीच्या नळीवर आम्ल शोषणारा मोठा ड्रायर लावून. एक दिवस चालवायचा, बदलायचा, पुन्हा चालवायचा. पहिला काढला तो काळा ठिक्कर. दुसरा तपकिरी. चौथा निघाला तेव्हा मी तो मॅनेजरांच्या टेबलावर कागद पसरून ओतला. मणी जवळजवळ पांढरे होते. इंजिनीअर झालेला तो माणूस लहान मुलासारखा वाकून ते बघत राहिला. असे दिवस आले की आपण काहीतरी शिकलो असं वाटतं.

ही झाली फुशारकी. आता ज्याची लाज वाटते ते सांगतो.

बोईसरजवळच्या दांडी गावात जयवंत नावाचा खलाशी होता. आमच्या किनाऱ्यावरच्या चांगल्या खलाशांपैकी एक. बोट लाटेवर उचलली गेली आणि तो केबिनवरून खाली डेकवर मानेवर आपटला. जीव वाचला, पण मानेखालचं शरीर गेलं. खांदे थोडे हलायचे, बोलणं शाबूत होतं. अशा माणसाच्या शरीराची एक गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती, ती त्याच्या बायकोने, मंजुळाने सांगितली. मानेखाली त्याला घामच येत नाही. घाम नाही म्हणून अंग निवत नाही. बाहेर उकडलं की याचा ताप चढायला लागतो आणि तो कुठल्याही गोळीने उतरत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोली गार ठेवा, दुसरं औषध नाही.

मंजुळा मासळी विकायची. सरकारी कॉलनीतले एक उत्तरेकडचे साहेब तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी दिल्लीहून आणलेला आपला एसी तिला देऊन टाकला. तो बसवायला मी गेलो. पहिल्याच दिवशी जयवंताच्या आईने मला घरची सगळी हकीकत सांगितली. अपघाताच्या दिवशी त्याचं अंग मोडून आलं होतं, तो जाणार नव्हता, बोटीला माणूस कमी पडत होता म्हणून हिने, म्हणजे सुनेने, 'जा' म्हटलं आणि तो गेला. म्हातारी हे सांगत होती तेव्हा सून समोरच माझ्यासाठी चहा गाळत होती. थोडा चहा सांडला, तो पुसून तिने कप माझ्यापुढे ठेवला.

तो एसी गरम-थंड दोन्ही करणारा होता. थंडीत तसल्या यंत्रात गॅस उलटा फिरतो, बाहेरची उष्णता उचलून घरात आणतो. गॅस फिरवणारा चार तोंडांचा व्हॉल्व्ह मी बाहेरच्या पेटीत बघितला होता. बघून हसलोही होतो. दांडीत कोण खोली गरम करणार? आमच्याकडे असलं यंत्र मी आयुष्यात दोन-तीनदाच पाहिलं असेल. नळ्या बरेच दिवस उघड्या होत्या म्हणून मी नवा ड्रायर टाकला, हाताशी होता तोच, नेहमीचा. त्यावर एक बाण छापलेला असतो. गॅस ज्या दिशेने जातो तिकडे बाणाचं टोक ठेवायचं, बस. एकाच दिशेचा. दोन्ही दिशांनी चालणारा वेगळा ड्रायर असतो हे मला माहीत होतं, पण तो मागवावा लागला असता. रिमोटवरच्या सूर्याच्या चित्राकडे बोट दाखवून मी मंजुळाला म्हटलं, "हे आपल्या कामाचं नाही, वहिनी." हे करू नका, असं म्हटलं नाही. का, ते तर सांगितलंच नाही.

तो उन्हाळा आणि पावसाळा छान गेला. होळी झाल्यावर एक दिवस सकाळी मंजुळाचा फोन आला, वारा येतो पण गार येत नाही. मी व्हॅन काढून पोचेपर्यंत ऊन चांगलं चढलं होतं. खोलीत जयवंत उघड्या अंगाने पडला होता, चेहरा लाल, डोळे मिटलेले. ताप एकशे एकच्या वर होता. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, ओल्या फडक्याने पुसत राहा, एकशे तीन झाला तर तसाच उचलून आणा. पण भर दुपारी त्या रस्त्याने त्याला नेणं हाही धोकाच होता. गाडी सांगून ठेवली होती. मंजुळा बादलीत फडकं बुडवून, पिळून त्याचं सगळं अंग पुसत होती आणि शेजारची एक बाई पंखा त्याच्याकडे वळवून धरत होती. त्याच्या अंगाला जे जमत नव्हतं ते घामाचं काम ती दोन हातांनी करत होती. पायापर्यंत पोचली की परत कपाळापासून.

मी बाहेरची पेटी उघडली. कॉम्प्रेसर तापून बंद पडत होता आणि कॅपिलरीच्या पुढच्या नळीवर पांढरी बर्फाची साय धरली होती. म्हणजे नळी तुंबलेली. गॅस काढला, ड्रायर कटरने कापून घेतला आणि हातातच उलटा केला. ज्या बाजूच्या जाळीने कचरा धरायचा ती बाजू धुतल्यासारखी स्वच्छ होती. मण्यांचं पीठ झालं होतं आणि ते सगळं कॅपिलरीत जाऊन बसलं होतं. मिनिटभर मला काही उलगडेना. मग मी दारातून आत विचारलं, थंडीत गरम लावत होता का?

मंजुळाचा हात थांबला. "मीच लावला, भाऊ. सकालचा त्याचे ओठ निले पडायचे. गोदडीनं पन जाय ना. त्या सूर्याच्या बटनानं ऊब यायची."

"मी हिला बोल्ली होती," सासू कोपऱ्यातून म्हणाली, "मिस्त्री नको बोलला हाय. आयकल तं ना. हिचा हातच तसला हाय."

मी तिथे बोलायला हवं होतं. गॅस उलटा फिरला की एकदिशेचा ड्रायर पोटातलं सगळं ओकून टाकतो, आणि ही चूक बटण दाबणाऱ्याची नाही, बाण बसवणाऱ्याची आहे, एवढंच. दोन वाक्यं. पण दांडीतलं माझं सगळं काम एकाने दुसऱ्याला सांगून आलेलं. दारात चार शेजारी उभे होते. मी "बघतो" म्हटलं आणि पेटीत डोकं घातलं.

नवी कॅपिलरी जोडली. नायट्रोजनने नळ्या झाडून काढल्या. दोन्ही दिशांचा ड्रायर त्या दिवशी मिळणार नव्हता, तो मी पुढच्या आठवड्यात मागवून बसवला. तेव्हा नेहमीचाच घेतला, ओल शिरू नये म्हणून त्याच्या टोकांच्या टोप्या शेवटच्या क्षणी काढून डाग देऊन जोडला, आणि व्हॉल्व्हची वायर सोडवली म्हणजे कोणी काही दाबलं तरी गॅस उलटा फिरणार नाही. मग व्हॅक्यूम पंप लावला. नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायला त्याला वेळ द्यावाच लागतो. आतून आवाज आला, एकशे दोन. थोड्या वेळाने, एकशे दोन पॉइंट चार. शेजारी म्हणाले, मिस्त्री, चालू करा ना आता. मी पंपावर हात ठेवून बसलो होतो. आता चालू केला तर आज गार होईल आणि भर मे महिन्यात कॉम्प्रेसर जळेल, हे मला दिसत होतं. दाबाचा काटा खाली गेला तरी आणखी पंधरा मिनिटं मी तसाच बसून राहिलो. इतकी लांब पंधरा मिनिटं मी कधी काढली नाहीत. आतून फडकं पिळल्याचा आवाज येत होता, थांबत नव्हता.

गॅस भरला. पहिल्यांदा नळी गार झाली, मग आतल्या पेटीतून वारा गार यायला लागला. मी दारात उभा राहिलो. पाऊण तासाने जयवंताने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. ताप एकशे एक, मग शंभर. बाहेर सांगून ठेवलेली गाडी परत गेली. शेजारीही पांगले.

सासू उठली, मंजुळाच्या जवळचा रिमोट तिने उचलला आणि देवांच्या फळीवर ठेवला. "आता ह्याला हात लावायचा नाय," ती म्हणाली. मंजुळाने मान डोलावली आणि बादली उचलली.

माझी हत्यारं पिशवीत गेली होती. तुंबलेला ड्रायर खिशात होता. मी निघू शकलो असतो, कोणालाही काही कळलं नसतं. व्हॅनपर्यंत गेलोही. मग परत आलो, तो ड्रायर जयवंताच्या डोळ्यांसमोर धरला आणि त्यावरचा बाण दाखवून सांगून टाकलं. हा एकाच बाजूने चालतो. तुमच्या यंत्रात दोन्ही बाजूंनी चालणारा हवा होता. मी तो आणला नाही. वहिनींनी बटण दाबलं ते बरोबरच दाबलं, ते त्यासाठीच असतं.

सासूला काही समजलं नाही. जयवंत मात्र त्या बाणाकडे टक लावून बघत होता. तीस वर्षं मी लोकांना ड्रायर समजावतो आहे, पण इतक्या लवकर तो कोणाला कळलेला मी पाहिला नाही.

"आय," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण एकेक शब्द नीट येत होता. "आपली डोल कशी लावतात? तोंड पान्याकडं. पानी वाहतं तवर म्हावरा आत बसतो. पानी फिरायच्या आदी डोल उचलली नाय, तं काय होतं?"

"घावलेला सगला भाईर जातो," म्हातारी म्हणाली. खांबाला बांधलेलं ते लांब जाळं तिने आयुष्यभर शिवलेलं होतं.

"मंग? मिस्त्रीनं डोल लावली आनी पानी फिरंल ता सांगला नाय. हिला काय ठावं?"

मी उभा राहून ऐकत होतो. करंगळीही हलवू न शकणारा तो माणूस मला माझंच काम समजावून सांगत होता, आणि मला असं वाटलं की आपण या नळकांड्याबद्दल आजच पहिल्यांदा काही ऐकतो आहोत.

म्हातारीने एकदा त्या ड्रायरकडे बघितलं. मग उठली, फळीवरचा रिमोट काढला आणि आणून मंजुळाच्या हातात दिला. माझ्याकडे तिने बघितलंही नाही, आणि ते योग्यच होतं.

मंजुळा रिमोट दोन्ही हातांत धरून उभी होती. "म्हंजे ह्यो एक तरी माज्या हातानं नाय झाला," ती म्हणाली.

जयवंत तिच्याकडे बघत होता. "बोटीवरचा पैला पन नाय," तो म्हणाला.

सकाळपासून उभी असलेली मंजुळा खाटेच्या कडेला खाली बसली.